मुद्दलातच घोळ

फाउलरसाहेब मला पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे ऐंशी रुपयांत मिळाले. म्हणजे त्यांचं पुस्तक, 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज'. १९२६ सालचं मूळ रूप नव्हे. सर अर्नेस्ट गावर्स यांनी डागडुजी केलेली १९६५ची आवृत्ती. ती घरी आणली तेव्हा सौ.नं विचारलं, "दोन डिक्शनऱ्या आहेत की घरात, ही तिसरी कशाला?" मी म्हटलं, "त्या अर्थ सांगतात. ही अक्कल शिकवते." त्यावर ती इतक्या चटकन "मग असू दे" म्हणाली, की मला जरा लागलंच.

पुस्तक कोशासारखं अकारविल्हे लावलेलं आहे, पण आवाज मास्तरांचा. साहेब सेडबर्गच्या शाळेत खरोखरच मास्तर होते. त्यात 'पेअर्स अँड स्नेअर्स' नावाचं एक कलम आहे : जोड्या आणि सापळे. एकमेकांसारखे दिसणारे शब्द, ज्यांत भल्याभल्यांचा पाय अडकतो. उदाहरणार्थ, 'डिप्रीशिएट' आणि 'डेप्रिकेट'. पहिला आम्हां बी.कॉम.वाल्यांच्या घरचा, घसारा धरणे, किंमत कमी करणे. दुसऱ्याचा अर्थ नापसंती दाखवणे. आमचे एक अधिकारी फर्निचर दरवर्षी 'डेप्रिकेट' करायचे. खुर्च्यांची अवस्था पाहता तेही चूक म्हणता येणार नाही.

साहेबांचा भेद करण्याचा उत्साह मात्र कधी कधी हाताबाहेर जातो. 'मास्टरली' म्हणजे कसबी आणि 'मास्टरफुल' म्हणजे हुकूम गाजवणारा, असं ते ठणकावून सांगतात. वास्तविक लोक दुसरा शब्द दोन्ही अर्थांनी खुशाल वापरत आले होते. एकत्र कुटुंबात सुखानं नांदणाऱ्या भावांना साहेबांनी उगाच वेगळी बिऱ्हाडं करून दिली. नियम सापडला नाही तर नियम बसवायचा, ही खोड आमच्या हेड ऑफिसलाही आहे.

आणखी एक तक्रार. साहेबांना आमची अडचण ठाऊकच नाही. त्यांचा वाचक इंग्रजी ऐकत मोठा झालेला. आम्ही इंग्रजी शिकलो फळ्यावरून, आणि मनात लिहितो देवनागरीत. देवनागरीत मुद्दलही प्रिन्सिपल, तत्त्वही प्रिन्सिपल, आणि कॉलेजातून काढून टाकण्याची धमकी देणारे ते गृहस्थही प्रिन्सिपल. इंग्रजीत मुद्दल आणि प्राचार्य यांच्या शेवटी 'ए-एल', तत्त्वाच्या शेवटी 'एल-ई'. कर्जाच्या पत्रात 'एल-ई' पडलं, की बँक गिऱ्हाइकाकडे हप्त्याहप्त्यानं तत्त्व परत मागते! स्टेशनरीचं तेच. कागद-पेन्सिलीच्या स्टेशनरीत 'ई', जागच्या जागी उभ्या असलेल्या स्टेशनरीत 'ए'. 'एन्व्हलप'चा 'ई' तो कागदवाला, अशी खूण मी बांधली आहे. बारा वर्षं टिकली. कॉम्प्युटर आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. पण दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्ध, त्यामुळे तो बिचारा बहुधा लाल रेघ ओढतच नाही. आणि हसायचा अधिकार आपल्याला तरी कुठे आहे? शाळेच्या फळ्यावर 'शिक्षक दीन' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मी वाचलं आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक असेल, वस्तुस्थितीची नव्हती.

इथवर गंमत. आता माझ्या हातची जोडी सांगतो. ती सांगायला हा लेख नसता लिहिला तरी चाललं असतं, पण पुस्तक मी विकत घेतलं ते तिच्यामुळे.

एका मृत खातेदाराच्या पत्नीला पत्र पाठवायचं होतं. इंग्रजीत मृत म्हणजे 'डिसीस्ड'. माझ्या बोटांनी टाइप केलं 'डिझीज्ड'. अधिकाऱ्यांनी न वाचता सही केली; तेही रीतीला धरूनच.

आठवड्यानं बाई काउंटरवर आल्या. शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलानं पत्र वाचून दाखवलं होतं : 'तुमच्या आजारी पतीच्या खात्याबाबत कागदपत्रं आणावीत.' बाईंनी कापडी पिशवीतून कागद काढायला सुरुवात केली. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, दोन वर्षांची औषधांची बिलं, तारखेनुसार लावून दोऱ्यानं बांधलेली. "भाऊ, आजाराचे सगळे आणलेत. एक सोनोग्राफी तेवढी सापडली नाही. चालेल?"

खरं तर मृत्यूचा दाखला, त्यांची ओळख पटवणारा कागद आणि एक भरलेला फॉर्म, एवढ्यावर काम होणार होतं. नॉमिनेशन त्यांच्याच नावावर होतं. मी चूक सांगितली. ती माझीच, हेही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. बिलं पुन्हा दोऱ्यात बांधता बांधता म्हणाल्या, "मग हे आता कुठं द्यायचे?"

मला काही सुचलं नाही. मी चहा मागवला.

फाउलरसाहेब चुका पकडतात त्या बव्हंशी वर्तमानपत्रांतल्या. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं, बँकेचं पत्र फाईलला लागतं. चुकीचा शब्द वाचून कुणाला तरी घरभर कागद शोधावे लागतात, ही बाजू त्यांच्या टोमण्यांत मला फारशी दिसत नाही. त्यांच्या लेखी चूक म्हणजे अडाणीपणा किंवा मिजास. तिसरं कारण, म्हणजे दुपारी चार वाजता उरलेली बावीस पत्रं, त्यांनी विचारात घेतलेलं नाही.

तरी या माणसावर मला राग धरता येत नाही. पहिल्या महायुद्धात हे सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ चव्वेचाळीस सांगून फौजेत भरती झाले. शब्दाशब्दाचा हिशेब ठेवणाऱ्यानं स्वतःच्या वयावर तेरा वर्षांचा घसारा धरला! धाकटा भाऊ फ्रान्सिसही गेला. हे पुस्तक दोघांनी मिळून योजलं होतं. पण फ्रान्सिसला फौजेत क्षय जडला आणि १९१८ साली तो वारला. आधी डिझीज्ड, मग डिसीस्ड. पुढचं काम साहेबांनी एकट्यानं केलं आणि पुस्तक भावाला अर्पण केलं. ते अर्पणाचं पान मात्र मास्तरांनी लिहिलेलं वाटत नाही.

पुस्तक आता बँकेतल्या माझ्या खणात असतं, रबरी शिक्क्यांच्या शेजारी. 'डी'ची पानं जरा मळली आहेत.