हेयरबाईंच्या कादंबऱ्यांतील जमाखर्च

सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांत कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, त्यांच्या बांधणीचा दोरा सुटलेला असतो, पानांचे कोपरे मऊ पडलेले असतात, पण वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना एक ओळही मिळालेली नसते. अशा पुस्तकांना ‘लोकप्रिय’ हें विशेषण लावून टीकाकार मोकळा होतो, आणि त्या विशेषणांत स्तुतीपेक्षां हेटाळणीच अधिक असते. इंग्रजींत अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबऱ्या लिहून अफाट खप मिळविणाऱ्या जॉर्जेट हेयर यांच्या वांट्याला ही हेटाळणी जन्मभर आली. विशेष हें कीं, ती करणाऱ्यांत खुद्द हेयरबाईही होत्या. आपल्या अत्यंत खपाच्या कादंबऱ्यांना त्या खासगी पत्रांतून खुशाल टाकाऊ ठरवीत, आणि आपलें खरें काम निराळेंच आहे असें मानीत. टीकाकार व लेखिका या दोघांचाही हा निवाडा चुकला, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं प्रथम त्यांच्या चरित्राकडे वळलें पाहिजे.

हेयरबाईंचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजीं लंडनजवळच्या विंबल्डन येथें झाला. त्यांच्या बोरिस नांवाच्या धाकट्या भावाला रक्त न गोठण्याचा विकार होता. आजारपणांत त्याचें मन रमावें म्हणून बहिणीनें रचलेली गोष्ट ‘दि ब्लॅक मॉथ’ या नांवानें १९२१ मध्यें छापून निघाली, तेव्हां लेखिकेचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. १९२५ मध्यें वडील हृदयविकारानें अकस्मात् वारले. मागें पेन्शन नव्हतें, आणि १९ व १४ वर्षांच्या दोघां भावांचा भार थोरल्या बहिणीवर आला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें रोनाल्ड रूजिए या खाणींच्या इंजिनियरांशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीमुळें बाई आधीं टांगानिकांत गवताच्या झोपडींत आणि नंतर मॅसिडोनियांत राहिल्या, पण लेखन कोठेंही थांबलें नाहीं. १९२९ मध्यें हें दांपत्य इंग्लंडांत परतलें. पतीनीं खाणकाम सोडलें, कांहीं दिवस खेळाच्या सामानाचें दुकान चालविलें, आणि पुढें कायद्याचा अभ्यास करून १९३९ मध्यें ते बॅरिस्टर झाले. या सर्व काळांत घराचा गाडा चालला तो मुख्यतः बाईंच्या लेखणीवर. एक ऐतिहासिक कादंबरी आणि एक रहस्यकथा असा त्यांचा त्या वर्षांतला वार्षिक क्रम होता. मुलाखती त्या देत नसत. जें सांगावयाचें तें पुस्तकांत आहे, अशी त्यांची वृत्ति होती. ४ जुलै १९७४ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां त्यांचीं ४८ पुस्तकें बाजारांत मिळत होतीं, आणि त्यांत भावासाठीं रचलेली ती पहिली गोष्टही होती.

ऐतिहासिक कादंबरी म्हटली कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’नें रूढ केलेले गड, घोडदौडी आणि गुप्त खलबतें उभीं राहतात. हेयरबाईंची कीर्ति ज्या कादंबऱ्यांवर उभी आहे त्यांत गड नाहींत. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास वेड लागल्यामुळें १८११ ते १८२० या काळांत युवराज त्याच्या वतीनें कारभार पाहत होता. ‘रीजन्सी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या काळांतील उमरावांचे दिवाणखाने, नृत्यसमारंभ, बग्ग्या आणि जुगाराचे अड्डे हें त्यांचें क्षेत्र. ‘रीजन्सी बक’ (१९३५) या कादंबरीपासून तें त्यांनीं इतकें आपलेंसें केलें कीं, पुढें या काळावर लिहिणाऱ्या अनेक लेखिका इतिहासाकडे न जातां थेट हेयरबाईंकडेच उसनवारीला गेल्या. त्यांच्या संग्रहीं हजारावर संदर्भग्रंथ होते, आणि तपकिरीच्या डब्यांच्या इतिहासासही त्यांत स्थान होतें. ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या वॉटर्लूच्या लढाईवरील कादंबरींत वेलिंग्टनच्या तोंडीं घातलेलें प्रत्येक वाक्य त्यानें प्रत्यक्ष उच्चारलेलें किंवा लिहिलेलें आहे, असा त्यांचा दावा होता. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत त्या पुस्तकाची शिफारस केली जाई, यावरून त्यांतील युद्धवर्णनाचा दर्जा कळून येईल.

परंतु पोशाखाचे काठ आणि पलटणींचे क्रमांक अचूक असणें म्हणजे इतिहासाची जाण असणें नव्हे. तें काम कष्टाळू कारकूनही करूं शकेल. हेयरबाईंची खरी जाण दुसरीकडे आहे, आणि ती पैशासंबंधीं आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत प्रेम असतें, वेषांतर असतें, पळून जाण्याचे बेत असतात. पण या सर्वांच्या खालीं एक हिशेबाची वही उघडी असते. ‘फॅरोज् डॉटर’ (१९४१) मध्यें जुगारगृह चालविणारी आत्या मेणबत्त्यांचीं बिलें हातांत घेऊन कपाळाला हात लावते. ‘एप्रिल लेडी’ (१९५७) मधील श्रीमंताची तरुण पत्नी एका झग्याचें थकलेलें बिल नवऱ्यापासून लपविते, कारण आपण पैशासाठींच लग्न केलें असा त्याचा समज होईल ही तिला धास्ती असते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारे कायदे इंग्लंडांत १८७० आणि १८८२ सालीं झाले. त्यापूर्वींच्या काळांत मुलीच्या आयुष्याचा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे तिचें लग्न. लग्नाच्या याद्या होतांना ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना या कादंबऱ्यांतील हास्याखालचा ताण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१) ही आमच्या मतें त्यांची सर्वांत प्रौढ कृति होय. बापाच्या कर्जानें बुडालेला तरुण उमराव अ‍ॅडम आपल्या लावण्यवती प्रेयसीला सोडून चॉली नांवाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या जेनी या मुलीशीं लग्न करतो. जेनी रूपानें सामान्य, बोलण्यांत साधी, पण घर ओळखणारी. येथें दुसरी एखादी लेखिका जेनीचें अचानक रूप खुलविती, किंवा अ‍ॅडमला एका रात्रींत तिच्यावर आसक्त करती. हेयरबाई तसें करीत नाहींत. वॉटर्लूच्या वेळीं पराभवाच्या अफवांनीं सरकारी रोख्यांचे भाव कोसळतात, सासरा विकण्याचा सल्ला देतो, आणि अ‍ॅडम तो झुगारून रोखे खरेदी करतो. जावयाच्या मिंधेपणांतून तो सुटतो तो या व्यवहारामुळें. त्यानंतरच, देणेंघेणें फिटल्यावरच, तो बायकोकडे मोकळ्या नजरेनें पाहूं शकतो. पहिल्या प्रेमाची धुंदी तिला कधींच मिळणार नाहीं हें जेनीला ठाऊक आहे, आणि जें मिळालें आहे तें टिकाऊ आहे हेंही ठाऊक आहे. पैशाचें ओझें प्रेमाला कसें वांकवितें, हें इतक्या शांतपणें सांगणारी कादंबरी ‘रंजक’ या एका शब्दांत निकालांत काढतां येणार नाहीं.

हें ज्ञान त्यांना ग्रंथसंग्रहांतून मिळालेलें नव्हतें. विशीत वडिलांच्या मागें भावांचा भार उचलणारी, पतीच्या शिक्षणाच्या काळांत घर चालविणारी आणि पुढें आयकराच्या मागण्या भागविण्यासाठीं कादंबरी हातीं घेणारी स्त्री तें लिहीत होती. दुर्दैवानें त्यामुळेंच तिला त्या कादंबऱ्या हलक्या वाटल्या; जें पोटासाठीं लिहिलें तें कला कसें असेल, अशी तिची समजूत झाली. बेडफर्डचा ड्यूक जॉन याच्यावरील मध्ययुगीन त्रिखंडी कादंबरी हें त्यांच्या मनांतलें थोर कार्य होतें. तें वारंवार बाजूला पडलें, आणि त्याचा अपुरा भाग ‘माय लॉर्ड जॉन’ या नांवानें मृत्यूनंतर १९७५ मध्यें बाहेर आला. त्यांत माहितीचे ढीग आहेत, पण माणसें त्या ढिगाखालीं गुदमरलीं आहेत. विषय भारदस्त असला म्हणजे कृति भारदस्त होते, हा जो भ्रम टीकाकारांना होता तोच लेखिकेलाही होता.

गुणांचें माप इतकें भरभरून दिल्यावर उणीवही त्याच वहींतून दाखविली पाहिजे. ‘दि ग्रँड सोफी’ (१९५०) मधील सावकार हा ज्यू असून त्याचें चित्र लेखिकेनें केवळ जातिद्वेषाच्या ठशानें छापलें आहे. महायुद्धांतील ज्यूंचा संहार जगासमोर आल्यानंतर पांच वर्षांनीं असें लिहावें, याचा खेद वाटतो. चॉली या व्यापाऱ्याला जिनें माणूस म्हणून पाहिलें, तिची दृष्टि या सावकारापुढें आंधळी झाली.

दुसरी उणीव आम्हां मराठी वाचकांना अधिक बोचेल. या वहींत खर्चाची बाजू बारकाईनें लिहिलेली आहे, पण जमेची बाजू बहुधा कोरी आहे. ‘ब्लॅक शीप’ (१९६६) चा नायक तरुणपणीं घरच्यांनीं हिंदुस्थानांत हांकलून दिलेला असतो, आणि वीस वर्षांनीं तो गडगंज होऊन बाथ शहरीं परततो. तो पैसा ज्यांच्यापासून आला त्यांचा विचार कथेला शिवत नाहीं. ज्या वेलिंग्टनचे शब्द बाईंनीं इतक्या श्रद्धेनें वेंचले, तोच २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध उभा होता. आणि ज्या रीजन्सींत त्यांच्या नायिका नाचत होत्या, त्याच काळांत, १८१८ सालीं, पेशवाई बुडाली. बाईंनीं पेशवाईवर लिहावयास हवें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी लेखिका मेणबत्तीची किंमत विचारते, तिनें ती किंमत चुकविणारें उत्पन्न कोठून येतें हेंही विचारलें असतें, तर तिचा विनोद अधिक सखोल झाला असता.

इतकें वजा करूनही शिल्लक राहतें, आणि ती थोडी नाहीं. हेयरबाईंना आलेल्या पत्रांत रुमानियांतील एका राजकीय कैदी स्त्रीचें पत्र होतें. ‘फ्रायडेज् चाइल्ड’ (१९४४) ही कथा तिनें बारा वर्षें तुरुंगांतील सोबतिणींना पुनः पुनः सांगितली होती, आणि तिच्यावर त्यांनीं आपलीं मनें सांवरून धरलीं होतीं. याच पुस्तकाला बाईंनीं वेडगळ ठरविलें होतें. तें पत्र मात्र त्यांनीं जपून ठेवलें. वाचकाला क्षणभर विसर पाडणारें पुस्तक आणि त्याला उभें राहण्याचें बळ देणारें पुस्तक यांतील भेद विषयाच्या भारदस्तपणावरून ठरत नाहीं. तो ठरविण्यासाठीं तें पुस्तक वाचावेंच लागतें. वाचनालयांतील त्या सुटलेल्या बांधणीच्या पुस्तकांविषयीं आमची टीकाकारांस एवढीच विनंति आहे.