'बलुतं': आमच्या खळ्यावरून वाचताना

आमच्या घरात एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की आधी बलुतेदारांचं माप निघायचं, मग धान्य घरात यायचं. "आपल्या खळ्यावरून कुणी मोकळ्या हातानं गेलं न्हाई," असं आजी म्हणते. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. घरच्या संस्कारांचा विषय निघाला की ऑफिसात मीही हीच गोष्ट सांगायचो. दया पवारांचं 'बलुतं' वाचलं आणि ती सांगणं थांबलं.

ग्रंथालीने हे आत्मकथन १९७८ साली काढलं. पवार आमच्याच नगर जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. शाळेसाठी ते संगमनेरला होते. मी तिथेच चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

पुस्तकाची मांडणी साधी, पण धारदार आहे. शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया ऐकतो आणि महारवाड्यात वाढलेला दगडू सांगतो. दोघं एकच, लेखकाचं मूळ नाव दगडू मारुती पवार. आपण 'मुळं शोधतो' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा वाड्याचा नाहीतर आजोबांच्या फेट्याचा फोटो शोधत असतो. दयाला मुळं शोधावी लागत नाहीत. ती नकोशी असूनही त्याला सोडत नाहीत.

पवार गळा काढत नाहीत, ही या पुस्तकाची ताकद. मुंबईतला कावाखाना, तिथली माणसं, त्यांची भांडणं आणि मजा ते सारख्याच मोकळेपणाने सांगतात. स्वतःलाही सोडत नाहीत. संशयापायी पहिल्या बायकोवर, सईवर, केलेला अन्याय ते कबूल करतात. पण इथेच माझी एक तक्रार आहे. कबुली दगडूची आहे, सईचा आवाज मात्र ऐकू येत नाही. अन्याय भोगलेल्या माणसाच्या गोष्टीतही कुणीतरी गप्पच राहतं.

ही तक्रार करताना मला आमचं खळं आठवलं. तिथेही गोष्ट आम्हीच सांगत होतो.

मयताची खबर परगावी न्यायची, मेलेली जनावरं ओढायची, सरकारी कामाला हाक येईल तेव्हा धावायचं. महारांच्या या पिढीजात कामांचा मोबदला म्हणजे ते धान्य. काम नको म्हणायची सोय नव्हती. हे वतन मोडावं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. प्रत्यक्ष वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आम्ही ज्याला दानत म्हणत होतो, ती दुसऱ्याची मजुरी होती.

मग घरच्या परंपरेचं करायचं काय? माझं आजीवर प्रेम आहे आणि ती गोष्ट मला टाकून देता येत नाही. ऑफिसात दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड माझ्या नावावर येतो, तेव्हा त्यातल्या चुकाही माझ्याच होतात. 'मी लिहिला नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. घरच्या वारशाला तरी ते का चालावं?

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आजीला विचारलं, "आजी, ते धान्य आपण देत होतो, का त्यांचंच होतं?"

ती शेंगा फोडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचंच व्हतं रं. पर आपून वरून टाकायचो."

तिने हाताने करूनही दाखवलं. ओंजळ उंच धरली, खाली पदर पसरलेला आहे असं समजून रिकामी केली. माझ्या घरच्या गोष्टीतला हा भाग मी कधी ऐकला नव्हता. आता गोष्ट सांगेन, तेव्हा तोही सांगेन.