दुर्मिळतेचे मोल

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आईने एकदा माझा पत्र्याचा डबा रिकामा केला. आत काड्यापेट्यांवरची चित्रे होती : वाघ, मोर, जहाज, घोडा. तिच्या लेखी तो केर होता. माझ्या लेखी ती इस्टेट होती. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या कार्डांची हकिकत वाचताना मला तो डबा आठवला आणि आमच्यापैकी खरे कोण, हा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

ही कार्डे एके काळी सिगारेटच्या पाकिटातून मिळत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत पिट्सबर्गचा होनस वॅग्नर आहे. नारिंगी पार्श्वभूमीवर मधोमध भांग पाडलेला एक गंभीर चेहरा. चित्र म्हणून बरे, त्याहून अधिक म्हणवत नाही. पण त्याची छपाई लवकरच थांबली. तंबाखूपायी मुले बिघडतील हे वॅग्नरला रुचले नाही, असे काही सांगतात. मोबदल्यावरून बिनसले, असे इतर. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती ठाऊक आहेत. त्यांतली एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांना गेली.

यावरून कोणी ‘जे दुर्मिळ तेच मोलाचे’ असे सूत्र मांडील, तर ते मला मान्य नाही. त्याच वर्षी टॉप्स कंपनीचे मिकी मँटलचे १९५२ सालचे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना विकले गेले. ती प्रत जवळजवळ कोरी होती, हे खरे. पण ते कार्ड वॅग्नरइतके दुर्मिळ मुळीच नाही. मालिकेच्या शेवटच्या गटात मँटल आपल्या बहुतेक सोबत्यांच्या दुप्पट छापला गेला होता. ते त्याचे पहिले कार्डही नव्हे. पहिले आदल्या वर्षी बोमन कंपनीने काढले होते.

मग ही किंमत कशाची? माझ्या मते ओढीची. गमच्या पाकिटातून ही कार्डे जमवणारी पोरे मोठी झाली, हाती पैसा आला आणि ती आपले बालपण शोधू लागली. तोवर टॉप्सच्या साय बर्जर यांनीच सांगितल्याप्रमाणे न खपलेला साठा १९६० साली समुद्रात बुडवला गेला होता, आणि घरोघरची कार्डे आयांच्या साफसफाईत गेली होती!

उलट, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लोक शहाणे झाले. पुढे भाव येईल म्हणून खोकीच्या खोकी जपू लागले. कंपन्यांनीही भरमसाट छापली. कोणी काही टाकले नाही, म्हणून आज त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारत नाही. आता तर एकच प्रत असलेली कार्डे मुद्दाम छापतात. तीही महाग विकली जातात. पण ही टंचाई छापखान्याने ठरवलेली असते. ते कार्ड कोणा पोराच्या खिशात चुरगळलेले नसते, की त्यासाठी कोणी रडलेले नसते. माझा आक्षेप एवढाच आहे.

बाजारात माझ्या डब्याला त्या दिवशी दिडकीही मिळाली नसती. तेव्हा आईचे काही चुकले नाही. तरीही यंदा साफसफाईत मुलांचा असा एखादा डबा हाती लागला, तर टाकण्यापूर्वी त्यांना एकदा विचारा. पुढे भाव येईल म्हणून नव्हे.