राधाचं घर आणि भिवंडीतलं मूल

माधुरी पुरंदरे यांच्या बालसाहित्याबद्दल बोलताना आपण त्यांच्या साध्या, बोलक्या गद्यापाशी थांबतो. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराचा (2014) उल्लेख होतो. त्या मूळच्या चित्रकार, मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि पुढे पॅरिसला शिकलेल्या, हे मात्र परिचयापुरतंच येतं. मला त्यांची खरी कामगिरी तिथे दिसते.

‘राधाचं घर’मध्ये राधा घरच्या माणसांची ओळख करून देते. मजकूर मोजका, कारण उरलेलं चित्र सांगतं; लिहिणारा आणि काढणारा हात एकच असल्याचा हा फायदा. पण हे घर पांढरपेशा मराठी माणसांचं आहे. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारं, घरी उर्दू किंवा तेलुगू बोलणारं मूल तिथे पाहुणंच राहतं. (मराठी बालसाहित्यात या मुलांना घर आहेच कुठे?)

‘चित्रवाचन’ हा उंबरठा ओलांडतं. आधी चित्र पाहायचं, मग बोलायचं, सुचेल त्या भाषेत. इथे मुलाला मराठी येण्याची वाट पाहावी लागत नाही. मराठी शाळेत पहिलीत आलेल्या अशा मुलाच्या हाती मी हेच पुस्तक आधी देईन. राधाची ओळख त्यानंतर.