पेवात कोण उतरले? : ‘तुंबाड’च्या कथानकाची चिकित्सा

‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे यांचा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. त्या वेळी मी महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांसोबत भातकुलीहून अमरावतीला जाऊन तो पाहिला. परतीच्या एस. टी. त सगळे गप्प होते. मग तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारले, “सर, तो हस्तर एवढी कणीक खाते. पन तो गहू कोनं पिकवला असन?”

हा प्रश्न भाबडा नाही. या चित्रपटावर लिहिणाऱ्यांनी छायाचित्रणाची, पावसाची, भयाची भरपूर प्रशंसा केली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु कथानकाच्या सांगाड्याला हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. तो विचारणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सांगाडा पाहू. रक्तपिपासूच्या भयकथेचा युरोपातील नमुना ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीने पक्का केला आणि मुर्नाऊच्या ‘नोस्फेरातू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाने तो पडद्यावर आणला. या कथानकाचे पाच सांधे आहेत. एक जुना वाडा किंवा गढी असते. तेथे एक निषेध असतो : इकडे जाऊ नका, हे दार उघडू नका. बाहेरचा कोणी तो निषेध मोडून आत जातो. मग दंश होतो, आणि ज्याला दंश होतो तोही न मरणारा, भुकेला जीव होतो. शेवटी अग्नी, खिळा किंवा सूर्यप्रकाश त्याचा नाश करतो आणि उरलेली माणसे घरी परततात.

‘तुंबाड’मध्ये रक्त पिणारा कोणी नाही, पण हे पाचही सांधे जसेच्या तसे आहेत. तुंबाडचा वाडा आहे. तेथे पुन्हा न जाण्याची आईने घातलेली शपथ आहे. ती मोडणारा विनायक आहे. हस्तरच्या तडाख्यात सापडलेला माणूस मरत नाही, सडत राहतो. साखळदंडात ठेवलेल्या म्हातारीच्या देहातून तर झाड उगवते. त्याला सोडवायला आगच लागते. फरक एवढाच की, या राक्षसाची भूक रक्ताची नसून कणकेची आहे. समृद्धीच्या देवीचा हा थोरला मुलगा. त्याने सोने मिळवले. धान्यावर हात टाकताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, पण त्याची पूजा कधी होणार नाही, या अटीवर. म्हणून सोने त्याच्या लंगोटात आहे आणि पोटात मात्र युगानुयुगांची भूक आहे.

ही कल्पना मोठ्या ताकदीची आहे. सोने ज्याच्याजवळ आहे तो उपाशी आहे, आणि धान्याची बाहुली दाखवून त्याच्याकडून सोने काढता येते! धान्य हेच मूळ धन, सोने ही त्याची सावली, हे सत्य चित्रपटाच्या गाभ्यात आहे. मार्क्सने १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये भांडवलाची तुलना रक्तपिपासूशी केली होती : ते मेलेले श्रम आहे आणि जिवंत श्रम शोषून जगते. ‘तुंबाड’ या सत्याच्या अगदी दारापर्यंत येतो आणि तेथूनच माघारी वळतो. तो का वळतो, ते पाहिले पाहिजे.

त्याआधी या चित्रपटाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९९० साली ‘बंद दरवाजा’ हा सरळसरळ ड्रॅक्युलाच्या वळणाचा चित्रपट काढला. त्यात रक्तपिपासू कोठे राहतो? काळ्या पहाडीवर, वस्तीपासून दूर. आणि त्याचा बळी कोण? ठाकुराचे घराणे. घरात अनर्थ आणणारी कोण? मोलकरीण. म्हणजे युरोपात जो गढीचा मालक होता, तो आपल्याकडे गावकुसाबाहेरचा झाला आणि गढीवाले निरागस ठरले! बाहेरचा तो अमंगळ, आतला तो पवित्र, या गावगाड्याच्या नियमाने परदेशी कथानकाला बिनबोभाट पोटात घेतले. ‘तुंबाड’ने हे उलटे चक्र पुन्हा सुलटे केले. त्याने राक्षसाला ब्राह्मणाच्या वाड्यात, वाड्याच्या गर्भात, कुलदैवताच्या जागी बसवले. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांच्या मुलाकडून ही अपेक्षा होतीच, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पण राक्षस वाड्यात बसवल्यावर पुढचा प्रश्न येतो : तो खातो कोणाला? येथे कथानकाची वीण उसवून पाहावी लागते. म्हातारीला हस्तरचा शाप बाधतो. ती घरातली आहे. विनायक हा सरकारचा अनौरस मुलगा. तो घराच्या उंबरठ्यावरचा आहे. राघव हा विनायकची नाणी विकत घेणारा सावकार-व्यापारी. तो लोभाने पाळत ठेवून तुंबाडला येतो आणि गर्भात अडकतो. शेवटी विनायक मुलाला वाचवण्यासाठी कणकेच्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो. प्रत्येक बळी हा लोभी आहे आणि प्रत्येक लोभी माणूस बळी आहे. कथानकाच्या एकाही सांध्यावर कूळ नाही, महार नाही, गडी नाही. वाडा आहे, पण वाड्याला पोसणारे गाव नाही. सोने जमिनीच्या पोटातून आपोआप येते.

स्टोकर काही क्रांतिकारक नव्हता. तरीही त्याच्या कादंबरीत एक खेडूत बाई गढीच्या दाराशी येऊन आपले मूल परत मागते आणि लांडगे तिला फाडतात. एकच प्रसंग आहे; पण त्यामुळे कळते की गढीतले रक्त खालच्या गावातून येते. ‘तुंबाड’च्या दाराशी अशी एकही आई येत नाही.

कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. मान्य. पण इतिहासाची साक्ष चित्रपटानेच काढली आहे. त्याचे तीन भाग आहेत आणि त्यांना सनावळी आहे : १९१८, १९३३ आणि १९४७. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून सुचलेले आहे. खोत म्हणजे कोण, हे कोकणातल्या कुळाला विचारावे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून धान्याच्या राशीतून वाटा उचलणारा आणि वेठ घेणारा तो खोत. चित्रपटाने गावाचे नाव ठेवले आणि खोत गाळला. खोत गाळला की कूळही आपोआप गळते.

आता त्याच सनावळीशेजारी आपली सनावळी ठेवू. १९१८ साली, विनायक आईसोबत तुंबाड सोडतो त्या वर्षी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. विनायक सोन्यासाठी तुंबाडला परततो ते साल १९३३. त्याच साली ऑक्टोबरात कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचा संप सुरू केला आणि तो सुमारे सहा वर्षे चालवला. सहा वर्षे शेत पडीक ठेवणे म्हणजे काय, हे पोटाला विचारावे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले. त्या वेळी विधेयकाचा कायदा झाला नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली आला.

म्हणजे विनायक दोराने गर्भात उतरत होता त्या वर्षांत खऱ्या कोकणात हस्तरला उपाशी ठेवण्याचे काम चालू होते! पीकच पेरायचे नाही, म्हणजे खोताला बाहुली मिळायची नाही. यापेक्षा अचूक हत्यार कोणत्या भयकथेला सुचले आहे? चित्रपटात मात्र १९४७ येते ते वाडा सरकारजमा होणार या बातमीच्या रूपाने. ज्यांनी खोती मोडली त्यांचा उल्लेख नाही. जणू इतिहास हा वरून पडणारा पाऊस आहे.

शेवटही याच सांगाड्यातून येतो. शापित झालेला विनायक सोन्याने भरलेला लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला आग लावतो. हा प्रसंग पाहताना मीही हललो. पण हा नकार घरातला आहे. वारसाने वारसा नाकारला की शोषण संपले, असा त्याचा अर्थ होतो. लोभ हा स्वभावाचा दोष ठरतो, त्याचा उपाय एका मुलाचे मन:परिवर्तन ठरतो. शोषणाला कुळाचा शाप म्हटले की त्यातून कूळ मोकळे होते. ज्यांच्यावर शोषण झाले ते मुळात कथेतच नसतात. आमच्या विद्यार्थ्यांना ही कथा एवढी भिडते, म्हणून हे सांगणे अधिक निकडीचे आहे. ज्याच्या घरात चार पिढ्यांत सोन्याचे नाणे आले नाही, तो मुलगा “माणूस लोभी असतो” असे म्हणत चित्रपटगृहाबाहेर पडतो आणि त्या ‘माणसा’त स्वतःलाही धरतो!

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. गहू कोणी पिकवला? कोकण हा भाताचा मुलूख. ती कणीक देशावरच्या कोणाच्या तरी शेतातून आली असणार. पण मला त्या प्रश्नाने दुसरेच काही आठवले.

आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारे, जमीन काळी. जुन्या वाड्यांत पेव असे : पांढरीत खोल खणलेला खड्डा, अरुंद तोंड, आतून कडब्याचे अस्तर, आणि त्यात मालकाची ज्वारी. पावसाळ्यात गावात दाणा संपला की पेव उघडत. ती ज्वारी सवाई-दिढीने वाटली जाई; एका पायलीची फेड सव्वा, दीड पायलीने. बंद पेवात कोंडलेल्या वाफेने माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला नाही की माणूस उतरे.

माझा आजा सालदार होता. तो उतरे. तुंबाडच्या विहिरीसारखीच ती जागा : काळोख, दमट, वरून एक दोर. लहानपणी मी त्याला विचारले होते, “आबा, भेव नोयतं लागत?” तो म्हणाला, “भेव पेवाचं नोयतं बापा. दोर आपल्या कमरीले रायते, अन् टोक मालकाच्या हाती रायते.”

‘तुंबाड’च्या कथानकाची सारी गोम या वाक्यात आहे. चित्रपटात मालकच दोराला लोंबकळतो, मालकच जीव धोक्यात घालतो. त्यामुळे त्याची लूट कष्टासारखी दिसते आणि त्याचा अंत शोकांतिकेसारखा. दोराचे खरे वाटप पडद्यावर येत नाही. खऱ्या वाड्यात गर्भात उतरणारा एक आणि सोने मोजणारा दुसरा होता. उतरणाऱ्याला त्या गर्भगृहाचे नाव घेण्याचाही अधिकार नव्हता. देवाच्या गाभाऱ्यात तर त्याची सावलीही चालत नव्हती. त्यासाठी १९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभारावा लागला.

‘तुंबाड’ पाहू नका, असे मी म्हणत नाही. जरूर पाहा, दोनदा पाहा. पण दुसऱ्यांदा पाहताना पाच सांधे मोजा आणि प्रत्येक सांध्यावर विचारा : येथे कोण असायला हवे होते आणि कोण नाही? भयकथा हा प्रकार आपण त्याज्य मानण्याचे कारण नाही. भय आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? परंतु आपण ती लिहू तेव्हा वाड्याचे दार आतून उघडणार नाही. ती पेवाच्या तळातून सुरू होईल, जेथे कंदील अजून जळतो आहे आणि दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे हे उतरलेल्या माणसाला पक्के ठाऊक आहे.