नेटवर्क-निरीक्षणाचे डॅशबोर्ड : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा : संगणक व दूरसंचार जाळ्यांच्या कार्यक्षमतेवर अखंड लक्ष ठेवणारे डॅशबोर्ड आज महाविद्यालयाच्या संगणक कक्षापासून दूरसंचार कंपनीच्या नियंत्रण कक्षापर्यंत सर्वत्र आढळतात. त्यांचे मूल्यमापन प्रायः तांत्रिक अंगाने होते. प्रस्तुत लेखात या फलकांच्या वाचनाची चिकित्सा केली आहे. सरासरी, मर्यादा, निरीक्षकाचे स्थान आणि मौनाचा अर्थ यांविषयीचे निर्णय तांत्रिक भासले तरी ते मूल्यनिर्णय असतात, आणि डोंगराळ, पूरप्रवण भागात त्यांची किंमत माणसांना मोजावी लागते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : नेटवर्क-निरीक्षण, डॅशबोर्ड, सरासरी, मर्यादा, संपर्कखंड, महाड, पोलादपूर.

१. प्रस्तावना

दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला ते मोजायचे, ही नेटवर्क-निरीक्षणातील आद्य कृती होय. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली 'पिंग' ही लहानशी आज्ञावली नेमके हेच करते. पुढे १९८८ मध्ये एसएनएमपी हा संकेत आला आणि यंत्रांना त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करण्याची सर्वमान्य भाषा मिळाली. टोबियास ओएटिकर यांच्या एमआरटीजीने १९९५ पासून या आकड्यांचे आलेख काढले, तर १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांनी सुरू केलेल्या आणि पुढे नॅगिऑस या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीने त्यांना हिरवा, पिवळा व तांबडा हे रंग दिले. आजचे डॅशबोर्ड दिसण्यात कितीही देखणे झाले असले, तरी त्यांचा गाभा हाच आहे. ठरावीक अंतराने हाक मारणारे 'मॉनिटर', त्यांनी आणलेले विलंब, पॅकेट-गळती व उपलब्धता यांचे आकडे, आणि त्या आकड्यांना रंग देणाऱ्या मर्यादा.

या फलकांविषयी जे लेखन होते, ते बहुधा ते कसे वापरावेत याविषयीचे असते. ते कसे वाचावेत, आणि ते काय वाचू देत नाहीत, याचा विचार क्वचितच होतो. रायगड जिल्ह्याचा आग्नेय भाग, म्हणजे महाड व पोलादपूर हे तालुके, या विचारासाठी कसोटीचे ठिकाण आहे. एका बाजूस सह्याद्रीची भिंत, मधून वाहणारी सावित्री, तिला महाडजवळ मिळणाऱ्या गांधारी व काळ या नद्या, आणि उतारांवर विखुरलेल्या वाड्या. अशा भूगोलात संपर्क तुटणे हा अपवाद नसून पावसाळ्यातील अनुभव आहे.

२. सरासरीचे राजकारण

प्रत्येक डॅशबोर्ड माहिती साठवतो त्यापेक्षा अधिक टाकून देतो. एमआरटीजीच्या दैनिक आलेखात पाच मिनिटांची सरासरी असते, साप्ताहिकात तीस मिनिटांची, मासिकात दोन तासांची आणि वार्षिकात एका दिवसाची. साठवणुकीची जागा वाचविण्याचा हा मार्ग सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम लक्षात घ्यावयास हवा. दिवसात चाळीस मिनिटे पूर्णतः तुटलेला संपर्क वार्षिक आलेखात जेमतेम पावणेतीन टक्क्यांची घट म्हणून उरतो. जी घटना कड्यासारखी तुटलेली होती, ती आलेखात सौम्य उतारासारखी दिसू लागते.

हीच रीत नियमांतही उतरली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत मोबाइल केंद्रांच्या एकत्रित बंद-काळाची मर्यादा महिन्याला दोन टक्के होती, आणि तिचे मोजमाप संपूर्ण परवाना-क्षेत्राच्या पातळीवर होत असे. महाराष्ट्राच्या परवाना-क्षेत्रात मुंबई वगळून उर्वरित राज्य व गोवा येतात. साधा हिशेब करून पाहावा. शंभर केंद्रांचे तीस दिवसांचे एकूण तास ७२,००० होतात; त्यांचे दोन टक्के म्हणजे १,४४० तास. शंभरांतील दोन केंद्रे महिनाभर अहोरात्र बंद राहिली आणि उरलेली अठ्ठ्याण्णव अखंड चालू राहिली, तरी मर्यादा पाळली गेली असेच म्हणावे लागेल. महिन्यात चोवीस तासांहून अधिक बंद राहिलेल्या केंद्रांची गणना करणारा दुसरा निकषही होता. पण त्याचीही मर्यादा दोन टक्केच असल्याने ती दोन केंद्रे तेथेही निसटतात. ती दोन केंद्रे कोठली, हा प्रश्न आकडा विचारतच नाही. डोंगराकडेचे, एकाच तारेवर टांगलेले केंद्र त्यांत असण्याचा संभव पठारावरील केंद्राहून अधिक, हे सांगण्यास आकडेशास्त्र लागत नाही.

२०२४ च्या नव्या विनियमांनी मोठ्या संपर्कखंडाची दखल घेण्यासाठी जिल्हा हा घटक धरला व चार तासांहून अधिक काळच्या खंडाची माहिती देणे बंधनकारक केले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. पनवेल आणि पोलादपूर एकाच घटकात बसवले, तर पोलादपूरची शांतता पनवेलच्या गजबजाटात ऐकू येणे कठीण आहे.

३. मर्यादा कोण ठरवितो?

मर्यादेची कल्पना महाडकरांना नवी नाही. सावित्रीच्या पाण्याची धोका-पातळी महाड येथे ६.५० मीटर धरली जाते आणि तिच्या खाली एक इशारा-पातळी असते. डॅशबोर्डवरील पिवळा व तांबडा रंग म्हणजे हीच इशारा आणि धोका यांची जोडी होय. फरक इतकाच की नदीची पातळी ठरविताना पाणी कोणाच्या उंबऱ्याशी केव्हा येते, याचा विचार असतो. नेटवर्कची मर्यादा मात्र बहुधा प्रणालीत तयार आलेली असते, किंवा रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यास वारंवार उठावे लागू नये म्हणून वर सरकवलेली असते.

या दुसऱ्या कारणाची थट्टा करून चालणार नाही. वारंवार खोटा इशारा देणारा मॉनिटर अखेर दुर्लक्षिला जातो, आणि 'लांडगा आला रे' या गोष्टीतील मुलाची गत त्याच्याही वाट्यास येते. म्हणूनच मॉनिटर काही काळ थांबविणे, त्याची मर्यादा बदलणे, इशाऱ्याची पोच देऊन तो शांत करणे या सोयी आवश्यक ठरतात. आक्षेप या सोयींना नाही. आक्षेप असा, की या प्रत्येक कृतीची नोंद, तिचे कारण आणि तिची मुदत फलकावर ठळकपणे दिसत नाही. पावसाळ्यापूर्वी थांबविलेला मॉनिटर श्रावणातही थांबलेलाच असेल, तर त्याच्या जागी दिसणारी निश्चलता ही प्रकृतीची खूण नव्हे.

४. निरीक्षक कोठे उभा आहे?

हिरकणीची आख्यायिका महाड परिसरात लहान मुलासही ठाऊक असते. सूर्यास्तानंतर रायगडाचे दरवाजे बंद झाले. प्रत्येक दरवाजावर पहारा होता, आणि त्या पहाऱ्यापुरता गड सुरक्षित होता. तान्ह्या लेकरासाठी एक गवळण कडा उतरून गेली, तेव्हाच कडाही एक वाट आहे हे कळले. आख्यायिकेनुसार महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधविला. निरीक्षणशास्त्राच्या दृष्टीने या कथेतील मर्म असे, की पहाऱ्यातील उणीव पहाऱ्याने दाखविली नाही. ती पहाऱ्याच्या कक्षेबाहेरील व्यक्तीच्या अनुभवातून उघड झाली.

महाविद्यालयांचे फलक या कसोटीवर पाहावेत. सर्व्हर-कक्षात बसविलेला मॉनिटर सर्व्हर-कक्षातून जग पाहतो. महाविद्यालयाची जोडणी ९९ टक्के वेळ उपलब्ध होती, हे त्याचे विधान खरे असते. पण २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन भरू लागले, तेव्हा प्रश्न महाविद्यालयाच्या जोडणीचा नव्हता. तो आंबेनळी किंवा कशेडी घाटाच्या कुशीतील वाडीत बसलेल्या विद्यार्थ्याच्या जोडणीचा होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील अनेक गावांची वीज व संपर्कसेवा खंडित झाली. अशा विद्यार्थ्याची अनुपस्थिती हजेरीपटावर लागते, फलकावर लागत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत तंतूजाळे नेण्याच्या २०११ च्या योजनेने, म्हणजे आजच्या भारतनेटने, निरीक्षणाचा बिंदू पुष्कळ खाली आणला. तरी कोकणातील एक ग्रामपंचायत म्हणजे वेगवेगळ्या उतारांवरील अनेक वाड्या असतात. ग्रामपंचायत कार्यालयातील यंत्राने हाकेला ओ दिली, म्हणजे पलीकडच्या वाडीने दिली असे होत नाही.

५. मौनाचा अर्थ

या चिकित्सेतील मध्यवर्ती मुद्दा मौनाचा आहे. नॅगिऑसमध्ये यंत्राच्या तीन अवस्था मानल्या आहेत: चालू, बंद आणि 'पोहोचता येत नाही'. तिसरी अवस्था चतुर आहे. मुख्य जोडणी तुटली, तर तिच्यामागील सर्व यंत्रे निरुत्तर होतात. त्या सर्वांचे स्वतंत्र इशारे वाजू लागले, तर मूळ बिघाड गोंधळात हरवतो. म्हणून प्रणाली मूळ यंत्रास 'बंद' म्हणते आणि त्यावर अवलंबून असलेल्यांना 'पोहोचता येत नाही' अशा वर्गात टाकते. त्यांचे इशारे दाबून ठेवण्याचीही सोय असते. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने हे सर्वथा योग्य आहे. त्याला कारण हवे असते, आणि कारण एकच आहे.

परंतु याच फलकाचा दुसरा वाचक आहे, तो म्हणजे मदतकार्य करणारा. त्याला कारण नको; त्याला माणसे हवी असतात. अभियंत्यासाठी गौण ठरलेली, इशारा दाबून टाकलेली ती ठिकाणे त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाची होत, कारण तेथे काय घडले हे कोणालाच माहीत नसते.

२२ जुलै २०२१ या दिवसाने हा भेद दाखवून दिला. महाड शहर पाण्याखाली होते, वीज व दूरध्वनी बंद होते, रस्ते तुटले होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून एका वाडीतील ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. संपर्क नसल्याने बातमी बाहेर पोहोचण्यास वेळ लागला आणि तुटलेल्या रस्त्यांमुळे मदत पोहोचण्यास त्याहून अधिक लागला. कोणत्याही डॅशबोर्डने दरड थांबविली नसती, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. शिवाय अतिवृष्टीत शेकडो केंद्रे एकाच वेळी निरुत्तर होतात, तेव्हा त्यांतील कोणत्या मौनामागे केवळ संपलेली बॅटरी आहे आणि कोणत्या मौनामागे आक्रोश आहे, हे यंत्रास कळणार नाही. तथापि २००५ च्या जुलैत दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्याचा अनुभव गाठीशी असताना, दरडप्रवण उतारावरील मौनास इतर मौनांहून अधिक वजन देणे शक्य आहे. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही. दरडप्रवण गावांची यादी आणि निरुत्तर केंद्रांची यादी एकाच पडद्यावर शेजारी ठेवावी लागते.

वर्षभराच्या हिशेबात वीस तासांचा संपर्कखंड ९९.७७ टक्के उपलब्धता म्हणून नोंदला जातो. अहवालात हा आकडा समाधानकारक दिसतो. ते वीस तास कोणते होते, हे मात्र अहवाल सांगत नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, डोंगराळ तालुक्यांसाठी सरासरीबरोबर सर्वांत दीर्घ सलग खंड आणि त्याचे ठिकाण दाखविणे आवश्यक आहे. दोन, थांबविलेल्या मॉनिटरला व बदललेल्या मर्यादेला कारण व मुदत जोडलेली असावी आणि ती फलकावर दिसावी. तीन, महाविद्यालयांनी निदान काही मॉनिटर विद्यार्थ्यांच्या बाजूस, वाड्यांवर बसवावेत. मुक्त आज्ञावल्या उपलब्ध असल्याने याचा खर्च फार नाही, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो उत्तम प्रकल्प ठरेल. चार, 'पोहोचता येत नाही' या अवस्थेचे वाचन दुरुस्तीसाठी वेगळे आणि मदतीसाठी वेगळे असावे. आपत्ती व्यवस्थापनाच्या फलकावर ती सर्वांत वर असावी.

यांपैकी चौथी गोष्ट अत्यंत निकडीची आहे. हाकेला उत्तर आले नाही, तर घरी कोणी नाही असे मानून परत फिरणे ही यंत्राची रीत झाली. शेजारधर्म जाणणारा माणूस अशा वेळी दार ठोठावतो, आणि तरीही उत्तर आले नाही तर चार माणसे जमवितो.