परवलीचा शब्द कोणाच्या खिडकीत?

शाळेच्या ग्रंथालयातून एक पुस्तक आणायला विद्यार्थ्याला पाठवायचे, तर आपण त्याच्याजवळ चिठ्ठी देतो. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा देत नाही. मोबाइल अॅपच्या बाबतीत मात्र बरीच वर्षे जुडगाच दिला जात होता. ऑगस्ट २०१० पर्यंत ट्विटरसाठी इतरांनी बनवलेली अॅप्स वापरकर्त्याचा परवलीचा शब्द स्वतःच मागून घेऊ शकत. त्यानंतर ट्विटरने ही वाट बंद केली व ‘ओऑथ’ ही पद्धत सक्तीची केली. या पद्धतीत अॅपला परवलीचा शब्द कळावा लागत नाही. ठरावीक कामापुरते आणि रद्द करता येणारे टोकन, म्हणजे चिठ्ठीच, त्याला मिळते.

ही चिठ्ठी अॅपने कशी मिळवावी याचे नियम ‘आरएफसी ८२५२’ या दस्तऐवजात आहेत. विल्यम डेनिस व जॉन ब्रॅडली यांनी लिहिलेला हा दस्तऐवज इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. आकाराने लहान, भाषेने कोरडा, पण वाचण्याजोगा.

त्याचा पहिला गुण स्पष्टपणा. अॅपने आपल्याच पोटात वेबपान उघडून प्रवेशाचा फॉर्म दाखवू नये, फोनमधला स्वतंत्र ब्राउझर उघडावा, असे तो बजावतो. कारण साधे आहे: पान कोणाचेही असो, खिडकी अॅपची असेल तर तिच्यात टाइप केलेले प्रत्येक अक्षर अॅपला वाचता येते. दुसरा गुण प्रामाणिकपणा. असंख्य फोनवर जाणाऱ्या अॅपच्या आत दडवलेली किल्ली गुप्त राहत नाही, कारण जाणकाराला ते अॅप उलगडून पाहता येते, हे तो सरळ मान्य करतो.

मग ब्राउझरकडून अॅपकडे परत येणारा तात्पुरता संकेत वाटेत दुसऱ्याच अॅपने पळवला तर? यावर २०१५ च्या ‘आरएफसी ७६३६’ मधील युक्ती येथे आवश्यक ठरवली आहे. अॅप दर वेळी एक नवा यादृच्छिक शब्द तयार करते आणि ‘एसएचए-२५६’ या गणिती क्रियेने काढलेला त्याचा ठसा आधी पाठवते. टोकन घेताना मूळ शब्द दाखवावा लागतो. शब्दावरून ठसा क्षणात निघतो. ठशावरून शब्द काढणे व्यवहारात अशक्य. त्यामुळे चोरलेला संकेत निरुपयोगी ठरतो. एकमार्गी गणिती क्रियेचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणे कठीण.

आता उणिवा. लबाड अॅप हुबेहूब ब्राउझरसारखी दिसणारी खोटी खिडकी रंगवू शकते. दस्तऐवज हा धोका नोंदवतो, पण काही दक्षता वापरकर्त्यावरही सोपवतो. पत्त्याची पट्टी वाचण्याची सवय नसलेल्यांना हे संरक्षण नाममात्रच. ब्राउझरमध्ये एकदा प्रवेश केला की पुन्हा पुन्हा करावा लागत नाही, हा लाभ तो आवर्जून सांगतो; पण घरात एकच फोन चौघे वापरत असतील, तर हाच लाभ एकाच्या खात्याचे दार दुसऱ्यासाठी उघडे ठेवतो. शिवाय मिळालेले टोकन फोनमध्ये कुठे ठेवावे, याचे मार्गदर्शन येथे मिळत नाही. ते साध्या फाइलीत न ठेवता आयफोनच्या ‘कीचेन’मध्ये, किंवा अँड्रॉइडच्या ‘कीस्टोअर’च्या आधाराने कूटबद्ध करून ठेवावे, हे नवशिक्याला अन्यत्र शोधावे लागते. चिठ्ठी जुडग्याइतकी मोलाची नसली, तरी ती ज्याच्या हाती पडेल त्याला सहसा वापरता येते.

तरीही अॅप बनवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा दस्तऐवज वाचावाच. दुसऱ्याचे गुपित सांभाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते आपल्याकडे येऊच न देणे, हे तत्त्व त्यातून पक्के होते. मुलांचे पहिले अॅप तपासताना शिक्षकांनी रंगरूप नंतर पाहावे. आधी विचारावे, परवलीचा शब्द टाइप होतो ती खिडकी कोणाची आहे?